मल्याळम कुठवर, कझाक कुठवर?

वाचकांचे प्रश्न : भाषा आणि भूगोल

प्रश्न : आमच्या शाळेत नववीच्या मुलांना 'दोन भाषा, दोन प्रदेश' असा प्रकल्प दिला आहे. एका गटाने मल्याळम आणि कझाक निवडल्या. ॲटलासमध्ये केरळ नखाएवढं आणि कझाकस्तान हातभर, म्हणून मुलं कझाकला मोठी भाषा ठरवून मोकळी झाली. त्यांना नीट नकाशा कसा काढायला सांगू? (एक शिक्षिका, महाल)

मुलांची चूक स्वाभाविक आहे. देश रंगवला की तिथली भाषाही रंगवली, असं ॲटलास बघताना वाटतंच. पण आकडे शेजारी मांडले की चित्र उलटं होतं. कझाकस्तानचं क्षेत्रफळ २७,२४,९०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ नऊपट आणि केरळच्या सुमारे ७० पट. तरीही कझाक बोलणारे जगभरात मिळून दीड कोटींच्या आसपास आहेत आणि मल्याळम बोलणारे एकट्या भारतातच २०११ च्या जनगणनेत ३ कोटी ४८ लाख होते. केरळात चौरस किलोमीटरला ८६० माणसं आणि कझाकस्तानात सात-आठ. म्हणून प्रदेशात रंग भरू नका, ठिपके द्या.

कागद साधा ए-फोर, उभा धरायचा. प्रमाण १ सेंटिमीटर = २०० किलोमीटर. कन्याकुमारीपासून कझाकस्तानच्या उत्तर टोकापर्यंत साधारण ५,२०० किलोमीटर होतात, म्हणजे २६ सेंटिमीटर. ते कागदावर बसतं. कझाकस्तान पूर्व-पश्चिम सुमारे १५ सेंटिमीटर येईल. केरळ तीन सेंटिमीटरपेक्षा थोडं कमी लांब आणि रुंद जागीही जेमतेम ६ मिलिमीटर येईल. मधली रेखावृत्ताची रेघ ७० अंश पूर्व धरलीत तर डावीकडे आखाताचा दक्षिण किनारा आणि उजवीकडे मंगोलियाचं टोक, दोन्ही कागदात येतात.

आता ठिपक्याची किंमत ठरवा. मुलं उत्साहाने 'एक ठिपका = १ लाख' धरतात आणि तिथेच प्रकल्प फसतो, कारण या नकाशात केरळला मिळते जेमतेम एक चौरस सेंटिमीटर जागा आणि त्यात ३२४ ठिपके मावत नाहीत, शाईचा डाग होतो. १ मिलिमीटरचा एक भरीव ठिपका १० लाखांचा आणि एक पोकळ वर्तुळ ५ लाखांचं, असं ठेवा. मग मल्याळमसाठी केरळात ३२ ठिपके, तमिळनाडू आणि कर्नाटकात एकेक पोकळ वर्तुळ (दोन्हीकडे सातेक लाख भाषक आहेत) आणि आखाती देशांसाठी दोन ठिपके.

कझाकसाठी कझाकस्तानात १३ ठिपके द्या, पण सारखे पसरू नका. दुसरी मोठी चूक नेमकी तिथे होते. दक्षिणेत सिरदर्या नदीच्या बाजूला तुर्किस्तान, शिमकेंत, किझिलोर्दा या भागात चार. अल्माटी आणि तिच्या भोवती तीन. कॅस्पियन समुद्राकडच्या पश्चिम भागात दोन-तीन. उरलेले अस्ताना, कारागांदा आणि पूर्वेकडे इर्तिश नदीच्या बाजूला. मधल्या बेतपाक-दाला या कोरड्या पट्ट्यात एकही ठिपका नको. रशियाच्या सीमेलगतच्या उत्तर कझाकस्तान प्रांतात तर आजही जवळजवळ निम्मी वस्ती रशियन आहे. देशाबाहेर चीनमध्ये शिनजियांगच्या उत्तर भागात दीड ठिपका, उझबेकिस्तानात एक, रशियात सीमेलगत एक पोकळ वर्तुळ. मंगोलियातल्या बायान-उलगी प्रांताला या हिशेबात अर्धाही ठिपका मिळत नाही. तिथे फुली मारून नाव लिहा. ती जागा गाळू नका, कारण मंगोलियाच्या त्या एका प्रांतात बहुसंख्य लोक कझाक आहेत.

मोबाईलवरचा नकाशा छापून त्यावर ट्रेसिंग करू देऊ नका. त्या नकाशात विषुववृत्तापासून दूर जावं तसा प्रदेश फुगत जातो. ४८ अंश उत्तरेवर क्षेत्रफळ दुपटीहून जास्त दिसतं आणि केरळच्या १० अंशांवर जवळजवळ खरं राहतं. म्हणजे आधीच मोठा असलेला कझाकस्तान केरळच्या तुलनेत आणखी दुप्पट होतो. शालेय ॲटलासमधला आशियाचा नकाशा बरा. आणि कोपऱ्यात साल लिहायला लावा. भारताचे आकडे २०११ चे आणि कझाकस्तानचे २०२१ चे आहेत, हे परीक्षकाला दिसलं पाहिजे.

मुलांना आवडेल अशी एक गोष्ट. कोची साधारण ७६ अंश पूर्वेला, अल्माटी ७७ ला आणि आपलं नागपूर ७९ ला. तिन्ही जवळजवळ एकाच उभ्या रेघेत आहेत. झिरो माइलच्या खांबापासून सरळ रेषेत कोची १,३०० किलोमीटरच्या आत आहे आणि अल्माटी २,५०० च्या आत.

प्रश्न : कझाक भाषकांचा आकडा एका ठिकाणी १ कोटी ३५ लाख मिळतो, दुसरीकडे दीड कोटीच्या वर. मल्याळमच्या बाबतीत असा गोंधळ कमी दिसतो. खरं काय? (पाचपावली)

दोन्ही देशांत प्रश्नच वेगळा विचारतात. आपल्याकडचा प्रगणक मातृभाषा विचारतो. मग मिळत्याजुळत्या बोली एका भाषेच्या मथळ्याखाली एकत्र केल्या जातात. मल्याळमच्या मथळ्यात पणिया, येरवा अशा आदिवासी बोलीही मोजलेल्या आहेत, पण त्यांची संख्या काही हजारांत असल्याने एकूण आकडा फारसा हलत नाही.

कझाकस्तानात आधी राष्ट्रीयत्व विचारतात, म्हणजे तुम्ही कझाक, रशियन, उझबेक की आणखी कोणी, आणि कोणती भाषा येते ते वेगळं विचारतात. १ कोटी ३५ लाख हा २०२१ सालचा, स्वतःला कझाक म्हणवणाऱ्यांचा आकडा आहे. तो एकूण १ कोटी ९२ लाखांपैकी सुमारे ७० टक्के. कझाक येते असं सांगणारे मात्र सुमारे ८० टक्के निघाले, कारण त्यात उझबेक, उइगुर आणि काही रशियनही आले. उलट बाजूने, शहरात वाढलेल्या काही कझाकांना रशियन सफाईने येते आणि कझाक अडखळत येते. अशांना तिथे 'शाला-कझाक' म्हणजे अर्धवट कझाक म्हणतात. तो शब्द टोचणारा आहे, कुणाला तोंडावर म्हणू नये. तेव्हा आकडा लिहिताना तो जमातीचा, मातृभाषेचा की 'येते' म्हणणाऱ्यांचा, हे सोबत लिहिलं नाही तर त्याला अर्थ राहत नाही.

प्रश्न : स्वतःच्याच देशात कझाक ७० टक्केच का? केरळात तर जवळजवळ सगळेच मल्याळम बोलतात. (धंतोली)

यामागे फार मोठं दुःख आहे आणि ते नुसत्या टक्केवारीत दिसत नाही. कझाक हे गवताळ मैदानावर मेंढ्या, घोडे, उंट घेऊन ऋतूप्रमाणे फिरणारे लोक. सोव्हिएत सत्तेने त्यांना सक्तीने सामूहिक शेतीत बसवलं, जनावरं काढून घेतली आणि १९३०-३३ च्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसं मेली. त्यातले बहुतेक कझाक. कित्येक लाख सीमा ओलांडून पळाले. त्यानंतर १९३७ मध्ये कोरियन, १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन, १९४४ मध्ये चेचेन अशा जमाती तिथे सक्तीने आणून टाकल्या. १९५४ पासून पडीक मैदान नांगरण्याच्या मोहिमेसाठी रशिया-युक्रेनमधून लाखो माणसं आली. १९५९ च्या मोजणीत कझाक स्वतःच्या भूमीत फक्त ३० टक्के उरले होते. १९८९ मध्ये ते सुमारे ४० टक्क्यांवर आले, १९९९ मध्ये ५३ आणि २०२१ मध्ये ७०. ही वाढ जन्मदरातून झाली, रशियन आणि जर्मन परत गेल्याने झाली आणि बाहेरचे कझाक मायदेशी बोलावल्यानेही झाली. १९९१ नंतर असे दहा लाखांवर लोक परतले. कझाक ही तिथली राज्यभाषा, पण सरकारी कामात रशियनही बरोबरीने चालते.

केरळच्या भाषेवर असा घाला आला नाही. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, मध्ये पालघाटची एकच रुंद खिंड. भाषा त्या पट्टीत दाट होत गेली.

प्रश्न : मल्याळम केरळच्या सीमेवर थांबते का? आणि ती सीमा कुणी आखली? (मानकापूर)

थांबत नाही. लक्षद्वीपच्या वस्ती असलेल्या दहा बेटांपैकी नऊ बेटांवर 'जेसरी' ही मल्याळमची बोली चालते. एकट्या मिनिकॉयवर माहल बोलतात. ती मालदीवची भाषा, मराठीसारखीच इंडो-आर्यन घरातली. माहे हा नऊ चौरस किलोमीटरचा तुकडा कारभाराने पुदुच्चेरीचा आहे, भाषेने मल्याळम. कर्नाटकात दक्षिण कन्नड आणि कोडगू, तमिळनाडूत कन्याकुमारी, कोइम्बतूर आणि निलगिरीतलं गुडलूर इथे मल्याळम ऐकू येते. उलट केरळच्या आत, कासरगोडमध्ये, कन्नड आणि तुळू बोलणारे बरेच आहेत.

सीमा आखली गेली १ नोव्हेंबर १९५६ ला. त्रावणकोर-कोचीन राज्य आणि मद्रास राज्याचा मलबार जिल्हा जोडून केरळ झालं. दक्षिणेचे तमिळबहुल तालुके मद्रासला गेले, उत्तरेचा कासरगोड तालुका केरळला आला. ही तारीख नागपूरकराला सांगायला नको. त्याच दिवशी नागपूरचं राजधानीपण गेलं. तोवर आपण हिंदी-मराठी अशा दुभाषी मध्य प्रदेशाची राजधानी होतो, आणि भाषा मोजून तालुके इकडे-तिकडे करण्याच्या त्या कारभारात विदर्भ मुंबई राज्यात गेला.

महाराष्ट्रात मल्याळम मातृभाषा असलेले २०११ मध्ये साडेतीन लाखांवर होते. देशाबाहेर सगळ्यात मोठा गोतावळा आखातात आहे. २०१८ च्या केरळ स्थलांतर सर्वेक्षणात परदेशी गेलेले सुमारे २१ लाख निघाले, त्यातले दहात नऊ आखाती देशांत, अमिरातीत सर्वांत जास्त. इस्रायलमध्ये कोचीहून गेलेल्या ज्यूंच्या म्हाताऱ्या पिढीची मल्याळमही होती. ती आता विझत चालली आहे.

प्रश्न : कझाक भाषा तीन लिप्यांत लिहितात असं वाचलं. एकाच भाषेला तीन लिप्या कशाला? (सदर)

देश बदलला तशी लिपी बदलली. १९२९ पर्यंत अरबी, १९२९ ते १९४० लॅटिन, १९४० पासून सिरिलिक (रशियन लिहितात ती), असा कझाकस्तानातला क्रम. चीनमधल्या कझाकांनी अरबी वळणाची लिपी सांभाळली. ते २०२० च्या मोजणीत सुमारे १५ लाख ६० हजार होते आणि बहुतेक इली कझाक स्वायत्त विभागात राहतात. मंगोलियातले सिरिलिक वापरतात. म्हणजे अल्माटीची आणि इलीची दोन चुलत भावंडं फोनवर तासभर गप्पा मारतील, पण एकमेकांची पत्रं वाचू शकणार नाहीत.

२०१७ मध्ये कझाकस्तानाने पुन्हा लॅटिनकडे जायचं ठरवलं. पहिल्या आराखड्यात अक्षरांना इतकी अपॉस्ट्रॉफी लावली होती की लोक वैतागले. २०१८ मध्ये ती काढून अक्षरांवर तिरप्या खुणा आल्या, २०२१ मध्ये पुन्हा नवा आराखडा आला आणि २०२५ ची मुदत २०३१ पर्यंत ढकलली गेली. आमच्या मते घाई न करणंच शहाणपणाचं, कारण ऐंशी वर्षांची छापील पुस्तकं सिरिलिकमध्ये आहेत.

तुर्कस्तानातही (म्हणजे टर्कीत, कझाकस्तानातल्या तुर्किस्तानात नव्हे) कझाक आहेत, आणि त्यांचा रस्ता भारतातून गेला. शिनजियांगमधून निघालेले काही तांडे तिबेट ओलांडून काश्मीरमध्ये पोहोचले. १९५२ मध्ये तुर्कस्तानाने त्यांना आसरा द्यायचं मान्य केलं. इस्तंबूलच्या झेयतिनबुर्नू भागात त्यांची वस्ती झाली.

प्रश्न : मुलीला अल्माटीत वैद्यकीय शिक्षणासाठी पाठवतो आहोत. शिकवणं इंग्रजीत आहे म्हणतात. मग कझाक शिकायची की रशियन? (लक्ष्मीनगर)

शिकवणं इंग्रजीत असलंच पाहिजे, २०२१ च्या भारतीय नियमांची ती अटच आहे. पण वॉर्डातला रुग्ण इंग्रजी बोलत नाही. अल्माटीत आधी कामापुरती रशियन आणि सोबत थोडी कझाक, असा क्रम ठेवा. शिमकेंत, तुर्किस्तान, किझिलोर्दा या बाजूला प्रवेश असता तर उलटा क्रम सांगितला असता. तिकडे बाजारापासून दवाखान्यापर्यंत कझाक चालते.

जाण्याआधी लिपी शिकून घ्यायला सांगा, रोज अर्धा तास दिला की दोन-तीन आठवड्यांत होते. आधी रशियनची ३३ अक्षरं, मग कझाकची ९ जादा, एकूण ४२. अडचण अनोळखी अक्षरांची नसते, ओळखीच्या दिसणाऱ्यांची असते. इंग्रजी 'एच'सारखं दिसतं ते 'न', 'पी'सारखं ते 'र', 'सी'सारखं ते 'स', 'बी'सारखं ते 'व'. म्हणून नवी मुलं 'रेस्तोरान' ही पाटी 'पेक्टोपाह' अशी वाचतात. या चार अक्षरांचा सराव वेगळा करावा. कझाकमध्ये 'क' दोन आहेत, एक आपला आणि एक घशातून येणारा, उर्दूतल्या नुक्त्याच्या क़ सारखा. वाङ्मयातला आपला ङ तिथे रोजच्या बोलण्यात आहे, तो मराठी जिभेला जड जात नाही.

पहिल्या आठवड्याचे शब्द : सालेमेत्सिझ बे (नमस्कार, मोठ्यांना), राहमेत (धन्यवाद), कान्शा (किती), सू (पाणी), इया आणि जोक (हो आणि नाही). वडीलधाऱ्यांना 'सिझ', बरोबरीच्यांना 'सेन'. आपण 'अहो' आणि 'अगं'मध्ये जेवढं जपतो तेवढंच तिथे जपतात. रुग्णाला, तो म्हातारा असो वा तरुण, 'सिझ'च म्हणायचं.

फोनची वेळ ठरवताना : १ मार्च २०२४ पासून सगळ्या कझाकस्तानात एकच वेळ आहे आणि ती आपल्या अर्धा तास मागे. अल्माटी अर्धा तास पुढे असल्याची जुनी माहिती अजून फिरते, ती धरू नका.

प्रश्न : 'कोझिकोड' बरोबर की 'कोळिकोड'? (प्रतापनगर)

दोन्ही नाही, पण दुसरं जवळचं. तो 'ऴ', जीभ टाळूकडे वळवून, न टेकवता काढायचा. इंग्रजीत तो 'झेड-एच' असा लिहितात आणि आपण 'झ' वाचतो. आलप्पुऴाचं तेच. मल्याळी माणसाला 'झ'पेक्षा 'ळ' कमी खटकतो.

प्रश्न : या दोन भाषांचं एकमेकींशी काही नातं आहे का? (सीताबर्डी)

रक्ताचं नाही. मल्याळम द्रविडी, कझाक तुर्की कुळाच्या किपचाक शाखेतली. मात्र दोघींची बांधणी सारखी भासते. मूळ शब्दाला एकेक प्रत्यय जोडत जायचं आणि क्रियापद शेवटी ठेवायचं. 'घरांमध्ये' म्हणायला मल्याळममध्ये वीडु, मग अनेकवचनाचा कळ, मग इल : वीडुकळिल. कझाकमध्ये उय, मग लेर, मग दे : उयलेरदे. कझाकमध्ये प्रत्ययाचा स्वर मूळ शब्दाच्या स्वराप्रमाणे बदलतो, म्हणून शहराला 'काला' आणि शहरांमध्ये 'कालालारदा' होतं, 'कालालेरदे' नाही. मल्याळमचं क्रियापद याहून सोपं : मी गेलो, ती गेली, ते गेले, सगळ्यांना एकच 'पोयि'. कझाकमध्ये मी गेलो ते 'बारदम' आणि तो गेला ते 'बारदी'.

बोलींच्या बाबतीत दोघी अगदी उलट आहेत. भटक्या लोकांची भाषा सतत ढवळली गेली, म्हणून हजारो किलोमीटरवर कझाक फारशी बदलत नाही. ५८० किलोमीटरच्या केरळात मात्र तिरुवनंतपुरम, त्रिशूर, कोऴिक्कोड, कासरगोड यांच्या बोली एका वाक्यात ओळखू येतात. 'काय करून राहिला' ऐकलं की पुणेकर नागपूर ओळखतो, तसं.

मराठी कानाला दोन्हीकडे ओळखीचे शब्द सापडतात. कझाकमध्ये फारसी-अरबी वाटेने गेलेले : बाजार, दुकेन, दोस, आप्ता (आठवडा, आपला हप्ता). मल्याळममध्ये पोर्तुगीजांनी दिलेले : मेश (मेज), अलमारा, चावि. चहा कझाकमध्ये शाय, मल्याळममध्ये चाया.

मल्याळमचं सख्खं नसलं तरी खरं नातं बघायचं तर गडचिरोलीकडे बघा. गोंडी द्रविडीच आहे, यवतमाळकडची कोलामीही. मल्याळममध्ये दोन-तीन-चार म्हणजे रंडु, मून्नु, नालु. गोंडीत रंड, मूंद, नालूंग. महालच्या शिक्षिकांना सुचवू : वर्गात गोंडी घरचं मूल असेल तर हे आकडे फळ्यावर त्यालाच लिहू द्या, आणि नकाशात विदर्भाच्या जागी गोंडीचे ठिपकेही घाला. २०११ मध्ये देशभरात गोंडी भाषक सुमारे ३० लाख होते, म्हणजे तीन ठिपके, महाराष्ट्रापासून छत्तीसगड-मध्य प्रदेशापर्यंत पसरलेले.